कूपरेजचा हाफ

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास आमच्या घरात कुणी पुस्तकात वाचलेला नाही. तो आजोबांनी मामाला सांगितला आणि मामाने मला. त्यात तारखांची सरमिसळ होते, एका वर्षीचा गोल दुसऱ्या वर्षीच्या फायनलला जाऊन चिकटतो. पण माणसं जागच्या जागी असतात. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला चेंडू दिला, हे आजोबांच्या सांगण्यात कधी बदललं नाही, असं मामा म्हणतो.

आजोबा बीबीसीआय रेल्वेच्या चर्चगेटच्या कचेरीत कारकून होते. १९५१ साली त्या रेल्वेची पश्चिम रेल्वे झाली, तरी आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत बीबीसीआयच. कचेरी सुटली की सहकारी गिरगावच्या, दादरच्या वाटेला लागायचे आणि आजोबा ओव्हल मैदानाच्या कडेने उलट्या दिशेला, कूपरेजच्या फुटबॉल मैदानाकडे. रोव्हर्स कप चालू असला की घरी उशीर व्हायचा. आजीने त्यावरून अबोला धरल्याच्याही गोष्टी आहेत, पण त्या मामा सांगत नाही, आई सांगते.

रोव्हर्स कप १८९१ सालचा. पहिला कप वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढे कित्येक वर्षं तो गोऱ्या पलटणींच्याच ताब्यात राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो जिंकला, तेव्हा कुठे देशी माणसांच्या संघाचं नाव त्यावर लागलं. हे आजोबांनी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. पाहिलं ते हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं त्या संघाने रोव्हर्स जिंकला. संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. आजोबा त्यांना रहीमसाहेब म्हणायचे, आणि मामाही तसंच म्हणतो.

आजोबा स्वतः रेल्वेच्या पोरांत हाफ खेळायचे, म्हणजे आजच्या भाषेत मिडफिल्डर. त्यामुळे गोल कुणी केला हे ते कधीकधी विसरायचे, पण हैदराबादच्या नूर मोहम्मदचं नाव विसरायचे नाहीत. पुढचे पाच जण धावत सुटले की मागे रिकामं मैदान पडतं, आणि ती रिकामी जागा ज्याला आधी दिसते तो हाफ, हे त्यांचं ठाम म्हणणं. रहीमसाहेबांनी पुढे भारताच्या संघात सेंटर फॉरवर्डला मागे ओढून खेळवलं. जगात त्या खेळाचा बोलबाला हंगेरीने केला होता, पण तो आपल्याकडे आणायचा तर मधल्या फळीतल्या माणसाला डोकं वापरायची मुभा द्यावी लागते, आणि ती रहीमसाहेबांनी दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमधली कुणाही आशियाई खेळाडूची ती पहिली. भारत चौथा आला. आजोबांच्या कचेरीत त्या दिवशी पेढे वाटले गेले, आणि वाटणाऱ्यांत आजोबा होते, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की पेढ्याचा वास आपणच घेतल्यासारखं मला वाटतं.

मामाचा काळ त्यानंतरचा. तो फोर्टमधल्या एका बँकेत लागला तेव्हा मुंबईचं फुटबॉल म्हणजे कंपन्यांचं फुटबॉल होतं. टाटा, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, स्टेट बँक, पोर्ट ट्रस्ट, दोन्ही रेल्वे. पोरगा चांगला खेळतो असं कानावर आलं की त्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागायची. सकाळी सराव, मग कचेरीत जाऊन मस्टरवर सही, मॅच असेल त्या दिवशी जेवणानंतर सुटी. गुडघा गेला, वय झालं, तरी नोकरी राहायची, प्रॉव्हिडंट फंड राहायचा. आणि जो खेळ सोडायचा तोच पुढे कंपनीच्या पोरांना शिकवायचा, कारण शिकवायला दुसरं कोण असणार? मुंबईच्या हार्वुड लीगच्या मॅचेस भर पावसात व्हायच्या. मामा छत्री मिटून उभा राहायचा, कारण उघडली की मागच्याला दिसत नाही आणि तो शिव्या घालतो.

मला लहानपणी तो घेऊन जायचा. मुलगी म्हणून कुणी काही म्हटलं तर तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मला आठवतो तो चिखलाचा वास, आणि मॅच संपल्यावर कडेला बसून स्टॉकिंग्ज उतरवणारे खेळाडू. पोटरीवरचा चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असायच्या आणि ते नखाने त्याचे पापुद्रे काढत गप्पा मारायचे. आपल्या गल्लीतल्या कुणासारखीच माणसं. उद्या सकाळी यांतला कुणी काउंटरमागे बसलेला दिसेल, कुणी विमानतळावर.

हाफ म्हणजे काय ते मामाने मला कॅरमवर शिकवलं. चाळीच्या गॅलरीत बोर्ड मांडलेला. त्याने पांढऱ्या सोंगट्या एका संघाच्या, काळ्या दुसऱ्याच्या अशा लावल्या आणि राणीला चेंडू केलं. मग पांढऱ्यांतल्या दोन पुढे सरकवल्या. म्हणाला, "आता बघ, इथे काय झालं?" मी राणीकडे बघत होते. त्याने बोट ठेवलं ते मधल्या रिकाम्या जागेवर. "दोघं पुढे गेले, तर एकाने इथे यायला पाहिजे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. चेंडू त्याच्याकडे येईलच असंही नाही. पण तो आला नाही, तर पुढच्या दोन मिनिटांत गोल बसतो. अगं, गोल करणारा सगळ्यांना दिसतो. हाफ कुठे उभा होता ते मॅच संपल्यावर आठवून बघ." तेव्हापासून मी मॅच बघते ती चेंडू सोडून. कधीकधी गोल हुकतो, पण मधली फळी हुकत नाही.

मधल्या फळीतला फुटबॉलपटू खालिद जमील आमच्या घरच्या गप्पांत आला तो या वाटेने.

त्याचा जन्म १९७७ चा, कुवेतमधला. आईवडील भारतीय. लहान असताना तिथल्या एका शिबिरात त्याला मिशेल प्लातिनी भेटला होता आणि प्लातिनीच त्याचा आवडता खेळाडू. तोही मधल्या फळीतला. आखाती युद्धाने तिथल्या कित्येक भारतीय घरांचं बस्तान मोडलं, तसंच या घराचंही मोडलं आणि खालिद मुंबईत आला. १९९७ मध्ये तो महिंद्रकडून खेळू लागला, वर्षभराने एअर इंडियात गेला, २००२ मध्ये पुन्हा महिंद्रमध्ये. भारताकडूनही खेळला. म्हणजे मामाने ज्या कंपन्यांची नावं मला पाढ्यासारखी पाठ करून घेतली होती, त्यांच्यातल्या दोन याच्या कारकिर्दीत बसतात. कंपनी-फुटबॉलची जी शेवटची पिढी कूपरेजवर मोठी झाली, त्यातला हा.

कोलकात्याचं बोलावणं त्याला आलं होतं. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन क्लबांतून बोलावणं येणं म्हणजे फुटबॉलपटूची दिवाळी. पैसा तिथे, नाव तिथे, लाखाची गर्दी तिथे. पण दोन्ही क्लबांच्या शर्टांवर तेव्हा मद्य कंपन्यांची नावं होती आणि धर्मनिष्ठ खालिदला ती अंगावर नको होती. तो मुंबईतच राहिला. ही हकिगत मैदानावरच्या लोकांत पुष्कळ सांगितली जाते. मामाला ती फार आवडते. तो स्वतः सश्रद्ध नाही, पण आपलं एक काही तरी ठरलेलं असावं आणि त्यासाठी नुकसान सोसावं, याचं त्याला मोल आहे. मलाही आहे.

महिंद्रने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. गोव्याचे डेरिक परेरा तेव्हा संघाचे कोच. मुंबईच्या संघाने देशाची लीग जिंकली म्हणून मामा बँकेतून निवृत्त झालेला असूनही जुन्या सहकाऱ्यांना फोन करत सुटला होता. खालिद त्या संघात होता, पण दुखापती मागे लागल्या होत्या. २००७ मध्ये मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला, तिथे तो गेला आणि तिथेही पाय साथ देईना. २००९ मध्ये खेळ थांबला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी त्याच क्लबने त्याला मुख्य कोच केलं. आधीचे कोच डेव्हिड बूथ हे इंग्लंडचे, अनुभवी. त्यांच्या जागी कालपर्यंत ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसणारा पोरगा. मामा म्हणाला होता, "हाफ आहे. जमेल त्याला." मी तेव्हा विचारलं होतं, सगळेच हाफ काय कोच होतात? तो म्हणाला, "सगळे नाही होत. पण मैदानावर दहा वर्षं दुसऱ्याची जागा भरण्यात ज्याने काढली, त्याला दुसऱ्याच्या चुका तोंडपाठ असतात."

मुंबई एफसीची ती वर्षं मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटतात, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. सात हंगाम. एकही करंडक नाही. पैसा बेताचा, कूपरेज दुरुस्तीसाठी बंद झालं की घरचे सामने पुण्याला बालेवाडीत. मुंबईचा क्लब आणि घर पुण्यात! समोर कोलकात्याचे, गोव्याचे, पुढे बंगळूरचे श्रीमंत संघ. दर वर्षी हंगामाच्या शेवटी तोच घोर, आपण खालच्या पायरीवर ढकलले जाणार का. आणि सातही वर्षं संघ वर राहिला. खेळ बघायला देखणा नसायचा, हे खरं आहे. मागे माणसं घट्ट उभी करायची, चेंडू लांब मारायचा, एखादा गोल झाला की तो जिवापाड राखायचा. मामाला अशा खेळाचा कंटाळा यायला हवा होता, कारण तो हैदराबादच्या गोष्टींवर वाढलेला. पण तो म्हणायचा, घरात जेवढं पीठ असेल तेवढ्याच भाकऱ्या होतात. इतरांनी सोडून दिलेले, संघाबाहेर बसलेले खेळाडू आणायचे आणि त्यांच्याकडून नव्वद मिनिटं करून घ्यायची, हे कसब खालिदने या सात वर्षांत कमावलं. एरवी एवढ्या नवख्या कोचला दोन वाईट हंगामांनंतर कुणी ठेवत नाही.

याच काळात त्याच्या पायाखालची जमीन मात्र सरकत होती. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर झालाच नाही. शंभर वर्षांहून जुनी स्पर्धा, आणि ती बंद पडली तेव्हा शहरात कुणाचा डोळा ओला झाला नाही. २०१० मध्ये महिंद्रने संघ बंद केला. एअर इंडियाचंही नाव काही वर्षांत देशाच्या लीगमधून गेलं. ज्या दोन घरांत खालिद खेळाडू म्हणून वाढला, ती दोन्ही मिटली. कंपन्यांनी हिशेब करून ठरवलं असेल, आणि त्यांच्या हिशेबात ते बरोबरही असेल. पण त्या संघांबरोबर काय गेलं ते कोणत्याच ताळेबंदात येत नाही. नोकरीची हमी गेली, म्हणून गरीब घरातला बाप पोराला मैदानावर पाठवताना विचार करू लागला. आणि निवृत्त झालेल्या खेळाडूने शिकवायचं ठिकाण गेलं.

२०१६ मध्ये मुंबई एफसी आणि खालिद यांची फारकत झाली. इथून गोष्ट मिझोरामला जाते, आणि तिला गोव्याचा एक धागा आहे.

तो मला मामीच्या मोठ्या भावाने सांगितला. ते मडगावचे. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांचं आयुष्य साळगावकर, धेंपो आणि चर्चिलच्या मॅचेसमध्ये गेलं. धेंपोने आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली देशाची लीग पाच वेळा जिंकली, हे ते अजूनही प्रत्येक पाहुण्याला सांगतात. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या लीगमधून, बाहेर पडले. "आमची घरं बंद झाली, बघ गो, आणि तिकडे डोंगरात एकाला दार उघडलं," असं दादा म्हणाले. लीगमध्ये जागा रिकाम्या झाल्या. आइझॉल एफसी नुकताच खाली ढकलला गेला होता, त्याला परत बोलावलं. आइझॉलला कोच हवा होता आणि खालिद मोकळा होता.

आपल्याबरोबर त्याने मुंबई एफसीत हाताखाली खेळलेली माणसं नेली. आशुतोष मेहता, आपला मुंबईचा जयेश राणे. गोलमध्ये गोव्याचा आल्बिनो गोम्स. परदेशी खेळाडूंत सीरियाचा महमूद अल-अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, दोघेही मधल्या फळीतले. बाकी मिझो पोरं, वाऱ्यासारखी पळणारी. कोलकात्याच्या क्लबांच्या मानाने खर्च अगदीच थोडा. जानेवारी २०१७ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आइझॉलचं नाव कुणी घेत नव्हतं. मामा घ्यायचा, पण त्याचं कारण खालिद होता, आइझॉल नव्हे.

२२ एप्रिलला मोहन बागान आइझॉलला आला. जो जिंकेल त्याचं पारडं जड. त्र्याऐंशीव्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल मारला. तो बचावपटू! १-० ने सामना जिंकला आणि आता शेवटच्या सामन्यात एक गुण पुरे होता. ३० एप्रिल, रविवार, शिलाँगमध्ये तिथल्याच शिलाँग लाजाँगविरुद्ध. त्याच वेळी तिकडे बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होता.

ती मॅच मी मामाच्या घरी पाहिली. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांदाने गोल केला. मामाने टीव्हीचा आवाज बंद केला. समालोचक काय बोलतो त्यापेक्षा मला माणसं बघू दे, म्हणाला. पाऊण तास आम्ही दोघं मुक्याने बघत होतो. उत्तरार्धात आइझॉलचा संघ जसजसा पुढे सरकू लागला, तसतसा मामा खुर्चीच्या कडेला आला. त्याचं बोट पडद्यावर. जार्यान कुठे आहे बघ. तो मागे थांबलाय, म्हणून बाकीचे जातायत. सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाच्या गोलने बरोबरी झाली. मग उरलेली मिनिटं. बागानने तिकडे २-१ असा सामना जिंकला होता, त्यामुळे इथे एक चूक झाली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. शिट्टी वाजली. आइझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येतल्या क्लबने देशाची लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

खेळाडू मैदानभर धावत होते. डोंगर उतरून आलेले आइझॉलचे लोक कठड्यांवर चढले होते. मामा उठला, आत गेला आणि आजोबांच्या फोटोसमोर उदबत्ती लावून आला. त्याला उदबत्ती लावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटून पहिला आला आणि खाली गेला. पुढे तो क्लबही बंद झाला. खालिद गेला त्याच वर्षी हे घडलं, याचा सरळ कार्यकारणभाव लावणं बरोबर नाही. पण सात वर्षं ज्याने छप्पर पेलून धरलं, त्याची किंमत ते पडल्यावर कळली, असं मला वाटतं.

पुढचं पुष्कळांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगते. खेळाडू म्हणून ज्या दोन क्लबांना नकार दिला होता, त्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्हींचा तो कोच झाला. कोलकाता त्याला मानवलं नाही. या दोन क्लबांच्या आपसातल्या डर्बीत यश आलं नाही, वाद झाले, वर्तमानपत्रांनी झोडपलं. मग नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये तो दुय्यम जागी गेला. हे मला विशेष वाटतं. देशाची लीग जिंकलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली काम करायला तयार झाला. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या परदेशी कोचला हंगामाच्या मध्यावर काढलं आणि संघ याच्या हाती दिला. करोनामुळे त्या हंगामाची सगळी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, गोव्यात, बंद मैदानांत चालू होती. फातोर्डा, बांबोळी, वास्को. प्रेक्षक नाहीत. साखळीतल्या उरलेल्या सामन्यांत एकदाही न हरता खालिदने संघ उपांत्य फेरीत नेला. आयएसएलमध्ये भारतीय कोचने हे पहिल्यांदा केलं. त्याच वर्षी तो तिथला कायमचा मुख्य कोच झाला, तोही असा पहिला भारतीय. सगळे क्लब स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंडकडे बघत असताना. पुढचा हंगाम वाईट गेला. मग जमशेदपूर: २०२४-२५ मध्ये आयएसएलची उपांत्य फेरी आणि सुपर कपची फायनल. ती फायनल एफसी गोवाने ३-० ने जिंकली आणि दादांनी मामाला मुद्दाम फोन करून स्कोअर सांगितला.

१ ऑगस्ट २०२५ ला महासंघाने खालिदला भारताचा मुख्य कोच नेमलं. यादीत इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन होते, स्लोव्हाकियाचे श्टेफान तारकोविच होते. गोव्याच्या साविओ मदेरांनंतर, म्हणजे २०१२ नंतर, भारतीय माणसाकडे हे पद आलं नव्हतं. महिन्याभरात ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप होता. पहिल्याच सामन्यात यजमानांना त्यांच्या मैदानावर २-१ हरवलं, गोलरक्षक गुरप्रीतने पेनल्टी अडवली. इराणकडून ३-० हरलो. तिसऱ्या जागेसाठी ओमानशी १-१ आणि मग पेनल्टींवर विजय. मामा आता थकला आहे, मॅच पूर्ण बघत नाही. पण त्या रात्री जागा होता.

आणि मग १४ ऑक्टोबर. आशियाई चषकाची पात्रता फेरी, सिंगापूरविरुद्ध, फातोर्डाला. आधी सिंगापूरमध्ये नव्वदाव्या मिनिटाला आपल्या रहीम अलीने बरोबरी साधून दिली होती. दहा जणांनी खेळून मिळवलेली ती बरोबरी होती, म्हणून आशा होती. मी मडगावला गेले. दादांबरोबर स्टँडमध्ये बसले. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून मारलेला गोल इतका देखणा होता की दादांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. त्यानंतर मात्र आपली मधली फळी हळूहळू मागे गेली. मला ते दिसत होतं. पुढचे आणि मागचे यांच्यामध्ये जागा पडत होती आणि तिथे निळा शर्ट नव्हता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने बरोबरी केली, अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा मारला. २-१. भारत २०२७ च्या आशियाई चषकातून बाहेर. खालिद रेषेजवळ उभा होता, काळवंडलेला. त्याच्यासमोर ती जागा होती आणि ती भरायला तो आत जाऊ शकत नव्हता.

बाहेर पडताना लोक बोलत होते ते ऐकवत नव्हतं. काढा याला, परदेशी आणा. दादा पंचाहत्तरीच्या पुढचे, गुडघे धरून पायऱ्या उतरत होते. ते म्हणाले, "धेंपोला पाच लीग मिळाल्या त्या एका वर्षात नाही मिळाल्या. कुलासोला राहू दिलं म्हणून मिळाल्या." नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही १-० हार झाली आणि ओरड आणखी वाढली. ती हार मलाही झोंबली. मधली फळी का तुटली, याचा जाब खालिदला विचारलाच पाहिजे, तो स्वतः मधल्या फळीतला म्हणून तर जास्तच. पण दोन-तीन महिन्यांच्या कामावर माणूस निकालात काढायचा असेल, तर भारतीय कोच नेमायचं नाटकच कशाला? परदेशी कोचांना आपण वर्षानुवर्षं दिली.

मी मामाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, आजोबांच्या वेळेलाही असंच होतं, १९५२ ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाऊन आले होते आपले लोक. चार वर्षांनी मेलबर्नला पेढे वाटले. दोन्ही वेळा कोच रहीमसाहेबच होते.

म्हणून हे लिहिते आहे. भारताचा कोच बदलायचा की ठेवायचा, हे माझ्या हातात नाही. पण मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात आजही शेकडो निवृत्त फुटबॉलपटू आहेत, ज्यांचा गुडघा गेला आहे आणि डोळा शाबूत आहे. बँकांनी, कंपन्यांनी मोठे संघ पुन्हा काढावेत ही आशा मी सोडून दिली आहे. निदान एक करता येईल. क्लबांनी, शाळांनी, जिल्हा संघटनांनी अशा एकेकाच्या हाती चौदा वर्षांखालच्या पोरांचा एक संघ द्यावा, त्याला जगता येईल एवढा पगार द्यावा, आणि करंडक आला नाही तरी सात वर्षं त्याला हलवू नये.